खो पाठीमागून येतो

२० जून १९९७

चूक. साफ चूक आहे तुमचं. खो-खोला तत्त्वज्ञान कशाला लागतं म्हणून विचारताय? मग कशाला लागतं ते सांगा. लोणच्याला? तुम्ही कोण, मला माहीत नाही. पण ही डायरी कधीतरी कुणीतरी वाचणार, आणि वाचणारा पाय पसरून, मी किती मूर्ख होतो ते शोधत वाचणार, एवढं मला माहीत आहे. म्हणून भांडण आत्ताच करून घेतो. पुढं तुम्ही गप्प बसायचं.

तर झालं असं. हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या अंगाला मुलींची एक मराठी शाळा आहे. तिथं मी या महिन्यापासून मराठी शिकवतो. तात्पुरता. माझी स्वल्पविराम नसलेली कथा छापणारं मासिक दोन अंकांत मेलं, त्यानंतर माणसानं करायचं काय? अक्का म्हणाली, नोकरी. धरली.

आज हेडबाई हेमावतीबाईंनी बोलावून घेतलं.

"प्रभंजन सर, खो-खोचं पण बघा की जरा. सप्टेंबरात जिल्ह्याच्या मॅचेस आहेत. कोच म्हणून कुणाचं तरी नाव पाहिजे."

"बाई, मी लेखक आहे."

"होय की. मग संध्याकाळी काय काम असतंय तुम्हाला?"

आधी कुणी भीमराव मास्तर होते. सगळी नोकरी इथंच काढून मार्चमध्ये रिटायर झाले. फुकट शिकवायला येतो म्हणाले, तर संस्थेनं नको म्हणून सांगितलं. का, ते कुणी धड सांगेना. मला न सांगता कळलं. तो माणूस शिट्टी आणि शिव्या यांवर जगत होता. बंद खोलीत शिकवणाऱ्यांनाही त्याचा आवाज मैदानावरनं यायचा म्हणे, भूगोलाच्या बाईंचे नकाशे हलायचे. असल्यांच्या जमान्यात संस्थेनं चुकून एक शहाणपणा केला.

घरी अक्काला सांगितलं. दीपश्री अक्का माझी थोरली बहीण, बँकेत आहे, मी तिच्याकडं नवनगरला राहतो. ती भाकरी थापता थापता थांबली.

"तू? कोच? जिना चढून आलास की पाणी मागतोस."

"शरीराचा काय संबंध?"

"खरंच की. खेळाशी शरीराचा काय संबंध," म्हणाली, आणि तव्याकडं बघून एकटीच हसत बसली.

२४ जून

पहिला दिवस. बारा पोरी रांगेत उभ्या राहिल्या, छाती पुढं, हनुवटी वर. कवायतीची गुलामगिरी. मी म्हणलं, बसा. बसल्या. म्हणलं, बसा म्हणलं म्हणून का बसलात? एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "मग उठू काय सर?"

खेळ असा आहे, तुम्हाला माहीत नसणार: आठ जणी दोन खांबांमधल्या पाटीत ओळीनं उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. नववी पळणाऱ्यांच्या मागं लागते. वाटलं की बसलेलीच्या पाठीवर थाप मारून 'खो' ओरडते आणि तिच्या जागी बसते. ती उठून पळते. बस. पण बघा काय भयंकर सुंदर आहे. जी उठणार, तिला पाठीमागं काय चाललंय ते दिसत नाही. आयुष्य तिच्या पाठीवर थाप मारतं.

हे मी पोरींना सांगितलं. सुकन्या म्हणून काळीसावळी, लांब हातापायांची मुलगी आहे, नववीत. भीमरावांनी कॅप्टन केलेली. ती म्हणाली, "दिसतंय की सर. नाही बघायचं, पण दिसतंय. पायांचा आवाज येतोय."

काव्य मारायचं असेल तर खेळाडूला विचारावं.

तत्त्व पहिलं: कोचनं बोलायचं नाही. शिट्टी कपाटात ठेवली. मी एका खुर्चीवर बसणार आणि गप्प राहणार. खेळ त्यांच्या आतून उगवला पाहिजे.

३ जुलै

तत्त्व दुसरं: कॅप्टन नाही. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. भीमराव मास्तरांच्या संस्थानाचा शेवटचा खांब मी आज पाडला.

हेमावतीबाईंना सांगायला गेलो तेव्हा भांडायची तयारी करून गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "फार छान कल्पना सर! फार छान! बाळाचार्यांना पण आवडेल." बाळाचार्य म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, सावनीचे आजोबा. सावनी टीममध्ये आहे, बरी खेळते. "कॅप्टनच नको! मग वादच नको. मॅचच्या कागदावर लागतंय तेवढं नाव मी घालते कुणाचं तरी." संस्थेत इतके पुरोगामी लोक असतील असं वाटलं नव्हतं. धारवाड-हुबळीच्या लोकांबद्दल माझं मत थोडं, अगदी थोडं, सुधारलं.

सुकन्या काही बोलली नाही. नंतर पाणी प्यायच्या वेळी आली.

"सर, फायनलला स्पोर्ट्स हॉस्टेलचे लोक येतात. निवडायला. जेवणखाण, शाळा, सगळं तेच बघतात."

"मग?"

"मी कॅप्टन नसले तर ते बघतील का मला?"

"तू चांगली खेळलीस तर बघतील. पदाचा मोह वाईट."

"मोह नव्हे सर. वास्को," म्हणाली.

काय म्हणाली कळलं नाही. पोरी अर्धं बोलतात.

११ जुलै

मैदानाच्या मागच्या कुंपणापाशी चिंचेखाली एक म्हातारा रोज येऊन दगडावर बसतो. हेडबाईंची खिडकी दुसऱ्या बाजूला आहे, नाहीतर हाकलला असता. हातात काळी छत्री. मजा अशी की पाऊस नसताना उघडतो आणि भुरभुर सुरू झाली की मिटतो. उघडली, मिटली, डाव्या खांद्यावर, उजव्या खांद्यावर. हुबळीत वेड्यांना तोटा नाही, पण हा पहिला प्रायोगिक वेडा. आज खुर्चीवर बसून बसून कंटाळलो म्हणून कुंपणापाशी गेलो.

"रोज येता?"

"होय की. पेन्शनीत निघालं की माणसाला मैदान लागतंय बघा. शेंगा घ्या."

"खेळातलं कळतं?"

"जरा जरा. तुम्ही करायलाय ते तेवढं कळंना. शिकवायलाय का बसलाय?"

"बसणं हेच शिकवणं आहे."

"अस्सं!" म्हातारा खरंच प्रभावित झाला. मग मी त्याला सगळं सांगितलं. मौन, आतून उगवणं, कॅप्टन नसणं. आधीचा मास्तर कसा होता तेही.

"त्यानं या पोरींची नुसती जनावरं करून ठेवली होती."

"जनावरं कुठली, शेळ्या. शेळ्या करून ठेवल्या त्यानं." म्हातारा हसता हसता खोकायला लागला. "तुम्ही बघितलाय त्याला?"

"नाही. बघायची इच्छा नाही."

"बघूच नका. तोंड बघायच्या लायकीचं नाही. कॅप्टन काढून टाकलात म्हणा की?"

"काढली."

"काय म्हणाली पोरगी?"

"काही नाही."

"हं." छत्री उघडून डोक्यावर धरली. वर आभाळ निरभ्र होतं. "गप्प बसणाऱ्या पोरीकडं लक्ष द्यावं बघा सर. तुमच्याच धर्माची आहे ती."

शेंगा बऱ्या होत्या. श्रोता म्हणून वाईट नाही. पेन्शनरांना नवे विचार झेपत नाहीत म्हणतात, ते खोटं.

२८ जुलै

सोमवार. पोरींचे मोजे लाल. आपली माती काळी, धारवाडची लाल, केलगेरी तळ्याकडची तर कुंकवासारखी. मी विचारलं तर सावनी म्हणाली, "रविवारी केलगेरीला फिरायला गेलो होतो सर, सगळ्याजणी." बघा! मार्चपर्यंत ज्या पोरी शिट्टीशिवाय एकत्र चालत नव्हत्या, त्या आता आपणहून तळ्याकाठी फिरायला जातात. मैत्री आतून उगवली. दमलेल्या होत्या, दोघींचे गुडघे सोललेले होते. तळ्याकाठचे दगड, दुसरं काय.

आणि खेळ! त्या पळतात कशा आता. आधी पळणाऱ्या नुसत्या घाबरून सैरावैरा धावायच्या, आज साखळी धरून एक बसलेली सोडून एक अशा नागमोडी पळत होत्या. मधूनच, कुणी न सांगता, तिघींनी एकदम पळायची तऱ्हा बदलली. कुणी न सांगता! मी खुर्चीत ताठ बसलो. मौनाचा परिणाम असा असतो. भीमरावांना दाखवायला पाहिजे होतं.

१९ ऑगस्ट

तालुका जिंकला. समोरच्या शाळेचा कोच घसा फोडून ओरडत होता, "हिडी, हिडी! हिंद नोडु!" पकडा, मागे बघा. लाल तोंड, गळ्याच्या शिरा, जणू पोरी त्याच्या घशातून पळणार होत्या. मी पाय पायावर टाकून बसलेलो. लोक माझ्याकडं बघत होते. पंच येऊन म्हणाला, "काय हो, तुम्ही काहीच बोलत नाही?" म्हणलं, बोलायचं ते खेळतंय तिकडं.

नाणेफेकीला कॅप्टन लागतोच म्हणाले. कागदावर सावनीचं नाव होतं. ती गेली, पण जाताना तिनं दोनदा सुकन्याकडं वळून बघितलं. कागद काय, कागद आहे.

अक्काला सांगितलं. म्हणाली, "तू काही न करता जिंकलास. आता काही न करता भांडी पण घासून टाक."

तत्त्वज्ञानाचा निबंध लिहायला घेतलाय. शीर्षक ठरलं नाही. स्वल्पविराम घालणार नाही.

छत्रीवाला तालुक्यालाही आला होता. एवढ्या लांब. फारच लागलीय त्याला माझ्या विचारांची गोडी.

२ सप्टेंबर

सुकन्याची आई आली होती, सरूबाई. बांधकामावर जाते, हाताला सिमेंट सुकलेलं. उभीच राहिली.

"सर, हिचं होईल का नाही, एकदा सांगा. माझी बहीण वास्कोला असते. तिथल्या एका बाईला घरात कामाला ठेवायला पोरगी पाहिजे. दिवाळीआधी पाठव म्हणते. मी थांब म्हटलंय. हॉस्टेलात घेतली तर नाही पाठवत. नाही घेतली तर काय सांगू मी बहिणीला? हिच्या पाठीवर आणखी एक आहे, दोन पोरी शिकवायचं माझ्यानं होत नाही."

म्हणजे 'वास्को' हे होतं. जुलैत सांगितलेलं आज कळलं. तिनं नीट सांगायला काय झालं होतं?

मी सरूबाईंना सांगितलं की निवड खेळाची होते, गरिबीची नाही, आणि माझ्या पद्धतीत प्रत्येकीला आपोआप वाव मिळतो.

"आपोआप?" सरूबाई म्हणाल्या. "आपोआप काय मिळालं नाही बघा आम्हाला अजून." आणि पदर खोचून गेल्या. सामान्य लोकांशी तत्त्वावर बोलता येत नाही. रात्री मात्र निबंध पुढं सरकला नाही.

२६ सप्टेंबर, दुपार

जिल्हा. धारवाड. सेमीफायनल. जे झालं ते क्रमानं लिहितो. तुम्ही मधे बोलू नका.

दोरीच्या पलीकडं गर्दी होती. आम्ही पाठलागाला बसलो होतो. माझ्या लक्षात आलं की पोरी समोर बघत नाहीत. आतही बघत नाहीत. सगळ्या अधूनमधून एकाच दिशेला बघतात. मी पण बघितलं. छत्री. काळी छत्री, उघडली, मिटली, डाव्या खांद्यावर. ऊन लखलखीत.

माझं डोकं फिरलं. तीन महिने मी ज्यांना आतून बघायला शिकवलं, त्या पोरी एका रिकामटेकड्या म्हाताऱ्याकडं बघतात? आणि हा हुबळीपासून धारवाडपर्यंत पोरींच्या मागं मागं येतो? का? मला तेव्हा पहिल्यांदा ते सुचलं, आणि सुचल्यासरशी खरं वाटलं. स्वयंसेवकाला बोलावलं. म्हणलं, तो छत्रीवाला रोज आमच्या शाळेच्या कुंपणाशी बसून असतो. मुलींच्या मागं आहे. बाहेर काढा.

दोघं गेले. दंडाला धरलं. छत्री ओढताना तिची काडी मोडली, एवढं मला खुर्चीवरनं दिसलं. गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "नाचिके इल्लेनु निनगे? लाज नाही काय या वयात?" दुसऱ्या कुणीतरी शेंगांची टरफलं अंगावर फेकली. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग पोरींकडं बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं. गप्प. मग चालत गेला, छत्री काखेत.

सावनी सुकन्याच्या पाठीशी आली, थाप मारली, "खो!"

सुकन्या उठली नाही.

"खो! सुकन्ये, ऊठ की गे! खो!"

पाटीत उकिडवी बसून ती दोरीकडं बघत होती. लोक हसायला लागले. मग उठली. उठली, पण पळत नव्हती, नुसती जात होती. कशाबशा जिंकलो, एका गुणानं, तोही सावनीनं शेवटी खांबापाशी सूर मारून काढला म्हणून.

संपल्यावर मी सुकन्याला म्हणलं, काय झालं तुला?

"सर, एक सांगू? रागावू नका. रागावलात तरी चालतंय."

"बोल."

"ते भीमराव अण्णा आहेत. आमचे मास्तर."

मी म्हणलं, कोण?

"उघडली की साखळी. मिटली की गोल पळायचं. ज्या खांद्यावर ठेवतात त्या खांबाकडं दाबायचं. दर रविवारी तळ्यावर शिकवायलेत आम्हाला. जूनपासून. आत येता येत नाही त्यांना, बाळाचार्यांनी नको म्हटलंय. मला कॅप्टन केली म्हणून."

सावनी रडायला लागली. "मला नको होती सर कॅप्टनकी. आजोबा म्हणाले, आपल्या शाळेत नाणं उडवायला तीच का पुढं? मी नको म्हटलं. मग तुम्ही कॅप्टनच काढून टाकलात."

"मग मला का नाही सांगितलंत? मी काय वाघ आहे?"

सुकन्या म्हणाली, "तुम्ही बरे होता सर. तुम्ही गप्प बसता. दुसरा ओरडणारा सर आला असता तर त्याच्याकडं बघायला लागलं असतं. छत्री कुणी बघायची?"

माझ्या तत्त्वज्ञानावर यापुढं कुणी समीक्षा लिहायची गरज नाही.

"उद्या मी उतरणार नाही," ती म्हणाली.

"फायनल आहे. हॉस्टेलचे लोक येणार. तुझी आई..."

"माहीत आहे मला काय आहे ते. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं असतं तर कुणी हात लावला नसता. नाव सांगितलं असतं तर आमची टीम बाद झाली असती, बाहेरनं शिकवतात म्हणून. म्हणून नाही सांगितलं. आता त्यांच्याशिवाय मी उतरले तर कुठलं तोंड घेऊन उतरू?"

चौदा वर्षांची पोर. आणि मला वाटत होतं हिला अर्धंच बोलता येतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सावनीला पत्ता विचारून केलगेरीला भीमरावांच्या घरी गेलो. माफी मागायला नाही. मला फसवलं गेलंय, हे सांगायला गेलो. वाटेत मी पूर्ण भाषण तयार केलं होतं. ते घराच्या दारापर्यंत टिकलं.

भीमराव ओट्यावर बसून छत्रीच्या मोडक्या काडीला तार गुंडाळत होते. आतून बायकोचा आवाज आला, "कशानं मोडली हो?"

"वारं होतं गे, कृष्णाबाई. धारवाडचं वारं," म्हणाले. मग मला बघितलं. "या सर. बसा. शेंगा संपल्या."

मी बसलो नाही. म्हणलं, "तुम्ही माझी चेष्टा केलीत. तीन महिने. कुंपणाला बसून माझं व्याख्यान ऐकलंत."

"छान बोलता की तुम्ही. निम्मं कळत नव्हतं, पण छान वाटत होतं. शाळेत कुणी माझ्याबद्दल एवढं सविस्तर बोललं नव्हतं."

"तुम्ही नाव का नाही सांगितलंत मला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

खरं सांगतो, हेमावतीबाईंकडं गेलो असतो. तत्त्वाची गोष्ट म्हणून.

"सुकन्या उद्या उतरत नाही म्हणते."

त्यांचे हात थांबले. "कोण म्हणतंय?"

"तीच. तुमच्याशिवाय नाही."

"मूर्ख! अडाणी! टाळकं ठिकाणावर आहे का तिचं?" ते ओट्यावरनं उठलेच. हा तो आवाज होता, नकाशे हलवणारा. शेजारचं कुत्रं पळालं. आणि पुढच्याच क्षणी खाली बसले. "मी नाही येणार सर. पोरींच्या मागं लागतो म्हणून दंडाला धरून काढलाय मला. चारचौघांत. माझ्या विद्यार्थिनी होत्या हो त्या गर्दीत, बायका झालेल्या, पोरं कडेवर घेतलेल्या. परत तिथं जाऊन कुठं बसू? बाद झालेला गडी बाहेर बसतो. नियम आहे."

नियम मी एकच वाचलाय खो-खोचा, तोही जूनमध्ये, हसण्यासाठी. तो आठवला.

"सगळे बाद झाले, आणि वेळ उरला असला, तर पहिला बाद झालेला परत उतरतो," म्हणलं. "तोही नियम आहे."

"सगळे कुठं बाद झालेत?"

"मी झालोय की."

भीमराव मग हसले, तसेच, खोकला येईपर्यंत. "इरली बिडु. असू दे सर. बिल्ला एकच असतोय कोचचा. तुमच्या गळ्यात आहे. मी दोरीच्या बाहेर उभा राहिलो तरी लोक ओळखणार आता. जा तुम्ही. त्या पोरीला माझं नाव सांगून चार शिव्या घाला आणि उतरवा."

"मला शिव्या येत नाहीत."

"मग काय येतंय तुम्हाला?" वैतागून म्हणाले. टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

२७ सप्टेंबर

बसस्टॉपवर लिहितोय. गुडघ्यावर वही आहे, अक्षर नीट येणार नाही. चालवून घ्या.

सकाळी मंडपात पुढच्या खुर्च्यांवर बाळाचार्य, हेमावतीबाई. बाजूला हॉस्टेलचे दोघं, पांढऱ्या टोप्या, मांडीवर पॅड. पोरी तयार, सुकन्या बुटाची नाडी न बांधता बसलेली. सरूबाई दोरीपाशी, आज कामावर गेलेल्या नव्हत्या. म्हणजे आजची मजुरी बुडवून आलेल्या. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली नाही, नुसतं बघितलं.

आणि दोरीच्या मागं, लांब, पाण्याच्या टाकीजवळच्या दगडावर एक माणूस, डोक्यावरनं टॉवेल घेतलेला, पाठ मैदानाकडं. पाठ! आला होता आणि बघत नव्हता. छत्री आणली नव्हती. येणार नाही म्हणून सांगणारी माणसं येतातच, आणि आल्यावर पाठ करून बसतात. असल्या नाटकांचा मला तिटकारा आहे.

हेमावतीबाई म्हणाल्या, "सर, बसा की तुमच्या जागेवर. सुरू होतंय."

मी उठलो. मंडपासमोरनं गेलो, दोरी ओलांडली, टाकीकडं चालत गेलो. त्यांना पायांचा आवाज आला असणार. वळले नाहीत. बसलेल्यानं वळायचं नसतं. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. जोरात. रागानंच मारली, खोटं कशाला सांगू.

"खो," म्हणलं.

ते उठले. विचार करून नाही. एवढी वर्षं ज्यानं दुसऱ्यांना उठवलं, त्याचं अंगच उठलं. टॉवेल खाली पडला. मी गळ्यातला बिल्ला काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि चालायला लागलो. ते "अहो सर..." म्हणाले. मी ऐकलं नाही. मंडपात बाळाचार्य उभे राहिलेले दिसले, हेमावतीबाई माझ्या नावानं हाक मारत होत्या. बिल्ला गळ्यात आहे तो कोच, पंचाला एवढंच कळतं, आणि कोच मैदानाच्या दिशेनं चालत होता. हॉस्टेलवाल्यांसमोर, जिल्ह्यासमोर, त्याला दंडाला धरून कोण काढणार आज? काढून बघा म्हणावं. सोमवारी माझी नोकरी नसणार. तात्पुरतीच होती.

मी रस्त्यावर आलो. पाठीमागं शिट्टी झाली. आणि मग तो आवाज आला, जो मी तीन महिने कपाटात ठेवला होता:

"सुकन्ये! डोळे काय घरी ठेवून आलीस काय गे? नाडी बांध आधी! बांधलीस? मग बस! तोंड तिकडं! आता ऊठ म्हणेपर्यंत हलशील तर याद राख!"

सगळं मैदान हसलं. तिनं नाडी बांधली असणार. मला दिसत नव्हतं, माझी पाठ होती. हॉस्टेलवाले तिला घेतील का नाही, वास्कोच्या बाईला पोरगी मिळेल का नाही, ते मला इथून कळणार नाही, आणि आत जाऊन बघायचा हक्क मी आत्ताच गळ्यातनं काढून दिला. पण पायांचा आवाज येत होता. एक ओळखीचा. लांब टांगांचा. आज जात नव्हता, पळत होता.

आता तुम्ही काढणार ती चूक माहीत आहे मला. खो देणाऱ्यानं उठलेल्याच्या जागी ताबडतोब बसायचं असतं. दगड रिकामा होता. उबदारही असेल. मी बसलो नाही. फाउल आहे. पंच तिकडं बघत होता, तुम्ही तेवढे बघितलंत. तोंड उघडताय, दिसतंय मला, काहीतरी शहाणपणाचं म्हणणार आहात, मी कसा शेवटी शिकलो वगैरे. काही शिकलो नाही. उशीर झाला तुम्हाला.

बस आली.